असांडाच्या मनगटावरचा पट्टा

चर्च स्ट्रीटवर गोवेंडर यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. पीटरमॅरित्झबर्गमधल्या बहुतेक शाळांचे कपडे तिथे मिळतात, आणि ते कुठे ठेवलेत यावरून शाळेची पत कळते. इम्बालीसारख्या काळ्यांच्या वस्तीतल्या शाळांचे कपडे दाराशी टोपल्यांत असतात, हात घालून शोधायचे. नॉर्थडेलच्या, म्हणजे पूर्वी फक्त भारतीयांसाठी असलेल्या शाळांचे कपडे मधल्या फळ्यांवर घड्या घालून असतात. आणि अगदी मागे, मोठ्या आरशाजवळ, प्लास्टिकच्या खोळीत टांगलेले असतात लार्चवुड कन्याशाळेचे गडद हिरवे ब्लेझर. लार्चवुड सरकारी शाळा आहे. पण ती पूर्वी गोऱ्यांची होती, आणि तिचं हॉकीचं मैदान बघितलं की हे वेगळं सांगावं लागत नाही.

फिकिले झुंगू या दुकानात विशी उलटताना आली आणि आता चाळिशी ओलांडून गेली. बाह्या आखूड करायच्या, स्कर्टच्या दुमडी सोडायच्या, मुलीला आरशासमोर उभं करून टाचण्या लावायच्या, हे तिचं काम. तोंडात टाचण्या असल्यामुळे गोऱ्या आयांशी बोलावं लागत नसे, आणि त्यांनाही ते सोयीचं होतं.

दारापासून आरशापर्यंत चालायला कितीसा वेळ लागतो? फिकिलेला मुलीसाठी तेवढं अंतर कापायचं होतं, आणि तिच्या हिशेबाने अर्धं कापून झालं होतं. असांडा इम्बालीतल्या शाळेत जेमतेम वाचायला शिकली, तशी फिकिलेने तिला तिथून काढून नॉर्थडेलला घातलं. पहाटे उठून दोन शेअर टॅक्स्या बदलत पोर जायची. आता ती बारा वर्षांची होती. जानेवारीत आठवी, म्हणजे नवी शाळा. फिकिलेने ती ठरवली होती. प्रश्न होता शाळेने असांडाला ठरवण्याचा.

लार्चवुडच्या आसपास घर असलेल्यांच्या मुलींना प्रवेश मिळतोच. हद्दीबाहेरच्या मुलींसाठी थोड्या जागा असतात आणि त्या कोणाला द्यायच्या हे मुख्याध्यापिका बघतात. कायद्याने मुलाखत घेता येत नाही, म्हणून लार्चवुडमध्ये तिला चहा म्हणतात. आई आणि मुलगी येतात, बिस्किटं असतात, गप्पा होतात. त्या वर्षी जूनच्या शेवटी, ऐन हिवाळ्यात, असांडाला चहाचं बोलावणं आलं.

त्याच आठवड्यात इम्पेंडलेच्या डोंगरातून तिच्या आजीचा फोन आला.

असांडाचा बाप दुमिसानी ग्वाला ट्रक चालवायचा. घाटात ट्रक दरीत गेला तेव्हा असांडा रांगत होती आणि लग्नाची बोलणी निम्म्यावर होती. नवऱ्याकडून मुलीच्या बापाला द्यायच्या गाई पुऱ्या झाल्या नव्हत्या. त्यामुळे पोर कागदावर झुंगू राहिली आणि ग्वालांच्या घरात तिची गणती झाली नाही. दुमिसानीचा थोरला भाऊ झ्वेली हे दरवेळी स्वच्छ सांगायचा. "लग्न पुरं नाही, तर पोर आईच्या बापाची. नियम मी केलेला नाही."

दुमिसानीची आई, म्हातारी माशांगे, हे मानत नव्हती. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या नावापुढे 'मा' लावून हाक मारतात. माशांगे फिकिलेला पहिल्या दिवसापासून माझुंगू म्हणायची. गाई पोचल्या नसल्या तरी सून पोचली, असा त्याचा अर्थ होता, आणि तो झ्वेलीला टोचत असे.

"माझुंगू, पोरीला घेऊन ये," म्हातारी फोनवर म्हणाली. "बोकड बघून ठेवलाय."

पोराला पूर्वजांच्या पुढे नेऊन त्यांच्या स्वाधीन करायचं आणि मनगटात बोकडाच्या कातड्याचा पट्टा चढवायचा, असा हा विधी. खरं तर तान्हेपणी होतो. असांडाचा बारा वर्षं राहिला होता.

"मा, थोडे दिवस थांबता येईल का? तिचा शाळेत चहा आहे."

"चहा इथेही मिळतो."

"गोऱ्यांच्या शाळेत आहे, मा. हातात पट्टा दिसला तर..."

"झ्वेली आज हो म्हणालाय. त्याचं हो किती दिवस टिकतं ते तुला माहीत आहे. आणि मी काही दगड नाही कायमची पडून राहायला."

"विधी टाळत नाहीये मी."

"ती त्या लोकांत जाणार म्हणूनच आत्ता करायचं. उद्या आमची गेलेली माणसं तिला शोधायला निघाली तर कशावरून ओळखतील? हिरव्या कोटावरून? तसले कोट घालून शंभर पोरी हिंडतात."

फिकिले गेली. हे नीट सांगायला हवं, कारण नंतर शहरातल्या बायकांनी तिला अडाणी सासूला घाबरणारी ठरवलं आणि डोंगरातल्या बायकांनी गोऱ्यांना घाबरणारी. फिकिलेला दोन्ही हवं होतं. मुलीला शाळाही हवी आणि बापाचं घरही, एवढंच.

बोकड कापला. झ्वेलीने पित्त असांडाच्या हातापायांवर ओतलं, ग्वालांच्या मेलेल्या पुरुषांची नावं एकामागून एक घेतली आणि ओल्या कातड्याची केसांसकट एक पट्टी कापून तिच्या उजव्या मनगटात चढवली. या पट्ट्याला आम्ही इसिफांद्ला म्हणतो.

"हा आपोआप गळेपर्यंत काढायचा नाही," झ्वेली तिला म्हणाला. "गळला की इथे आणायचा, या घरात मागच्या बाजूला, पूर्वजांच्या जागी ठेवायचा. मुद्दाम काढलास, तर आम्ही असं समजू की आम्ही बोलावलं आणि तू आली नाहीस."

"नाही काढणार, काका."

मग मटण झालं. पुरुष एकीकडे बसले, बायका-मुली चटईवर. लाकडाच्या एका लांबट परातीभोवती ग्वालांच्या पोरी कोंडाळं करून बसल्या होत्या. माशांगेने असांडाला ढकलून मधे बसवलं. "सरका गं. आपलीच आहे." असांडाने परातीत हात घातला आणि शेजारच्या चुलतबहिणीने तिच्या हातातला तुकडा पळवला. परत येताना टॅक्सीत ती आईला ही चोरी पुन्हापुन्हा सांगत होती, खुशीत.

पट्टा वाळायला वेळ लागतो. तोवर त्याला वास येतो. इम्बालीत तो कोणाच्या नाकात जात नाही, कारण प्रत्येक गल्लीत एखाद्या पोराच्या हातात तो असतोच. चर्च स्ट्रीटवर जातो.

"फिकिले, गोदामात काही मेलंय का?" मिसेस गोवेंडर गल्ल्यावरून ओरडल्या.

"नाही, मॅम."

"मग उंदीर अत्तर लावून फिरतोय का?" शाळेला सुट्टी असल्यामुळे असांडा मागे बसून कॉलरांच्या खोक्यांवर आकडे टाकत होती. मिसेस गोवेंडर तिच्याजवळ गेल्या, नाक आक्रसलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई. बोकड."

मिसेस गोवेंडर वाईट बाई नव्हत्या. दुमिसानीच्या मयताला त्या स्वतः गाडी घेऊन डोंगरात गेल्या होत्या. तिथे त्यांना खुर्ची दिली होती, आणि चिनी मातीच्या ताटलीत काट्याचमच्याने जेवण. बाकीच्या बायका चटईवर होत्या. परत आल्यावर त्या कित्येक दिवस सांगत होत्या, "किती मान दिला गं त्यांनी मला!" फिकिलेने तो मान म्हणजे काय हे त्यांना कधी समजावलं नाही. आमच्या घरात खुर्ची परक्याला देतात.

"गुरुवारी चहा ना?" मिसेस गोवेंडर म्हणाल्या. "आणि पोरीला अशी नेणार?"

"लांब बाहीचा ब्लाउज शिवलाय."

"बाही दिसणं झाकते. वास कशाने झाकशील? माझं ऐक, त्या बायका आधी वास घेतात, मग नाव विचारतात. शाळा सगळ्यांना उघडल्या त्या वर्षी माझी मुलगी तिथे गेली. मसाल्याचा वास येतो म्हणून तिला खिडकीजवळ बसवलं. सगळं वर्ष, थंडीतसुद्धा." हे सांगताना त्या फिकिलेकडे बघत नव्हत्या. "नातीच्या वेळी मी शहाणी झाले. तिच्या हातात देवळातला लाल दोरा होता. चहाच्या दिवशी सकाळी कापला, संध्याकाळी नवा बांधला. मुरुगन काही बोलला नाही."

"आमचा परत बांधता येत नाही, मॅम."

"मग तुमच्या देवांना सांग, दिवस बदललेत."

"ते देव नाहीत. तिच्या बापाची माणसं आहेत."

"मेलेली ना? मग त्यांना कुठे घाई आहे? लार्चवुडला आहे."

फिकिलेने सोडा लावून बघितला, लिंबू लावलं, गुलाबाचं अत्तर लावलं. बोकडाचा वास तसाच राहिला, वर गुलाबाचा आला. असांडाला यातलं काहीच खटकत नव्हतं. ती येताजाता मनगट नाकाशी न्यायची आणि हसायची.

गुरुवारी सकाळी, दुकानाचं शटर वर करण्याआधी, फिकिलेने मुलीला आरशासमोर उभं केलं. ब्लाउज, स्कर्ट, मोजे सगळं ठीक होतं. तिने वाकून मुलीचं डोकं हुंगलं, मग मनगट. मग तिने कापडाची मोठी कात्री घेतली.

"आई, काकांनी सांगितलंय..."

"मला माहीत आहे काय सांगितलंय."

"मी हात पाठीमागे ठेवीन. सगळा वेळ."

"चहा कसा घेशील? हात दे."

कातडं अर्धवट वाळून टणक झालं होतं. पहिल्या दाबात कापलं गेलं नाही. फिकिलेने कात्रीचं पातं आत आणखी सरकवलं, तेव्हा असांडाने डोळे मिटले. मनगटावर फिकट रेघ राहिली. फिकिलेने पट्टा व्हॅसलिनच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि मुलीचा हात साबणाने कोपरापर्यंत धुतला.

"कोणी विचारलं तर?" असांडा म्हणाली.

"तिथे हे कोणी विचारत नसतं."

मुख्याध्यापिका मिसेस लिडेल उंच, हसऱ्या बाई होत्या. त्यांनी असांडाचं नाव बरोबर उच्चारलं, आणि मग आणखी एकदा, आपल्याला येतं हे दाखवायला. चहा त्यांनी स्वतः ओतला. फिकिले खुर्चीच्या कडेवर बसली होती. गप्पा चांगल्या चालल्या होत्या. असांडाला गणित आवडतं, असांडा धावते, असांडाला वाचायला आवडतं.

"आणि सुट्टीत काय केलंस?" मिसेस लिडेलनी विचारलं.

असांडाने आईकडे बघितलं. पण आईने या प्रश्नाचं उत्तर पढवलेलं नव्हतं, म्हणून तिने खरं सांगितलं. इम्पेंडलेला गेले, गोगोकडे. गोगो म्हणजे आजी. तिथे बोकड कापला. मग ती रंगात आली. पित्त किती गार लागतं, काकांना किती नावं पाठ आहेत, चुलतबहिणीने मटण कसं पळवलं, सगळं सांगितलं.

मिसेस लिडेल पुढे झुकल्या. "किती सुंदर! आणि मग तुला तो पट्टा बांधला असेल. आमच्याकडे दोन-तीन मुली घालतात. आम्ही गेल्या वर्षीच नियम बदलला, मिसेस झुंगू. बरीच चर्चा झाली त्यावर. मला त्याचा फार अभिमान आहे." त्या असांडाकडे वळल्या. "दाखव ना मला."

असांडाने हात पुढे केला. फिकट रेघ होती.

"अरेच्चा. कुठे गेला?"

असांडा खोटं बोलायला शिकली नव्हती. त्या दिवसापर्यंत तिला त्याची गरज पडली नव्हती.

"आईने कापला."

"ओह," मिसेस लिडेल म्हणाल्या, आणि फिकिलेकडे बघितलं. ते बघणं रागाचं नव्हतं. दुकानात मापात न बसलेला ब्लेझर परत करताना आया असंच बघतात. "बिस्किट घ्या ना," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. त्या स्वतः बोलल्या, कारण अशा गोष्टी आपण स्वतः सांगायला हव्यात असं त्यांचं मत होतं. असांडा गोड मुलगी आहे. जागा थोड्याच असतात. "आणि मी तुम्हाला मोकळेपणाने सांगते, मिसेस झुंगू. आम्हाला अशी कुटुंबं हवी असतात, ज्यांना आपण जे आहोत त्याची लाज वाटत नाही. मुलींच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचं असतं. तुम्ही समजून घ्याल."

"थँक यू, मॅम," फिकिले म्हणाली.

मिसेस गोवेंडर फोन ठेवायची वाट बघत होत्या. सगळं ऐकून त्या आधी भडकल्या. "नियम बदलला? आणि मला कोणी कळवलं नाही? वर्षानुवर्षं मी त्यांचे ब्लेझर विकते!" मग जरा वेळाने म्हणाल्या, "पण तू पण लगेच कापायचा?" फिकिलेने वर बघितलं नाही. ती एका स्कर्टची दुमड उसवत होती.

डिसेंबरात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एके दुपारी एक वकीलबाई मुलीला घेऊन आल्या. म्तेत्वा त्यांचं आडनाव. काळ्याच, पण घर लार्चवुडच्या मागच्याच रस्त्याला, त्यामुळे त्यांच्या मुलीला चहा प्यावा लागला नव्हता. मुलीच्या मनगटात ताजा पट्टा होता, पांढऱ्या केसांचा.

"वास येतोय, नाही?" वकीलबाई हसून म्हणाल्या. "सॉरी हं. हिच्या आजोबांनी ऐकलंच नाही."

"तिथे सगळ्यांना तो हुंगून बघायचा असतो," मुलगी म्हणाली. "शाळा बघायला गेलो तेव्हा माझा फोटो काढला त्यांनी. पुस्तिकेत टाकणार आहेत."

फिकिलेने तोंडात टाचण्या धरल्या आणि हिरवी बाही दुमडली.

"अजून थोडी वर घ्या," वकीलबाई म्हणाल्या. "पट्टा झाकला जातोय."

फिकिलेने बाही आणखी वर घेतली. पट्टा मोकळा दिसेल अशा बेताने तिने टाचणी लावली, मग दुसऱ्या बाहीलाही तेवढंच माप घेतलं. असांडा खोक्यावर बसून हे बघत होती.

"तुझापण झालाय का विधी?" मुलीने तिला विचारलं.

"हो."

"मग पट्टा?"

"गळून पडला," असांडा म्हणाली. फिकिलेने आरशातून आपल्या मुलीकडे बघितलं. असांडाने खोक्यावरचा आकडा गिरवायला घेतला.

नाताळला मायलेकी इम्पेंडलेला गेल्या. सहा महिने झाले होते. एवढ्या काळात पट्टा गळू शकतो, फिकिलेने टॅक्सीत मुलीला समजावलं. कोणाला शंका यायचं कारण नाही. रीतीप्रमाणे डबी द्यायची, ते ती मागच्या बाजूला ठेवतील, आणि विषय संपेल. शाळा गेली ती गेली. निदान घर राहील.

माशांगेची दृष्टी अधू झाली होती. गोल घरात ती भिंतीशी बसली होती, झ्वेली दाराशी.

"माझुंगू, आलीस? पोरगी कुठे आहे? हात दे गं." तिने असांडाचं मनगट चाचपलं. "गळला का?"

"गळला, गोगो."

"बघ," म्हातारी झ्वेलीच्या दिशेने म्हणाली. "शहरात राहून पोरीने सांभाळला. टिकायचा नाही म्हणत होतास ना?"

फिकिलेने डबी पुढे केली. म्हातारीने पट्टा बाहेर काढला, नाकाशी नेला, मांडीवर ठेवून सरळ केला. वय झालेल्या माणसांना अशा वस्तू हातात धरून बसायला आवडतं. तिचा अंगठा कडेवरून फिरत टोकाला गेला आणि थांबला. मग दुसऱ्या टोकाला गेला. गळून पडणारा पट्टा कुजून, झिजून, फाटून सुटतो. हे टोक सरळ होतं. शिंप्याच्या हातचं.

"कात्री," माशांगे म्हणाली.

झ्वेली उठून आला, पट्टा घेतला, दाराच्या उजेडात धरला. तो हसला, पण मोठ्याने नाही. "मा, मी काही म्हणालो नाही हं. तूच म्हणालीस."

"मा, ऐका," फिकिले म्हणाली. "शाळेसाठी..."

"मिळाली का शाळा?" झ्वेलीने विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्याने पट्टा डबीत टाकला, झाकण लावलं आणि डबी तिच्या हातात परत दिली.

बाहेर बायकांनी मटण उतरवलं होतं, पोरी परातीभोवती जमत होत्या, कोणीतरी कोणाला तरी ढकलत होतं. सहा महिन्यांपूर्वी मटण पळवणाऱ्या चुलतबहिणीने दारातून हाक मारली, "असांडा, ये ना! संपेल सगळं."

असांडा उठली.

"थांब," माशांगे म्हणाली. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात तिने सुनांना सांगितलं, "फिकिले झुंगू आणि तिची मुलगी शहरातून आल्यात. त्यांना खुर्च्या द्या."

खुर्च्या आल्या. चिनी मातीच्या ताटल्या आल्या, काटे आले. असांडाला चटईपासून थोडं बाजूला, सावलीत बसवलं. चुलतबहीण परातीतला हात थांबवून बघत होती; तिच्या आईने तिला डोळ्यांनी दटावलं, तशी तिने मान खाली घातली.

ताटलीत मटणाचे सगळ्यात चांगले तुकडे होते. असांडाने काटा उचलला.

"आई, मी खाली बसू?"

"खा," फिकिले म्हणाली.